स्वीडनमधून बाहेर पडलेले शोधक आणि स्थलांतरित: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वीडन म्हटलं की आपल्याकडे नोबेल, व्हॉल्वोची बस आणि हल्ली आयकिया, एवढ्यावर विषय संपतो. पण तुमच्या बॅगेची चेन, गॅरेजमधला पाना, टूलरूममधलं अचूक माप तपासायचं स्लिप गेज या सगळ्यामागे स्वीडिश माणसंच आहेत, आणि त्यातले बरेचसे घरदार सोडून भलत्याच देशात जाऊन राहिलेले. लोक जे प्रश्न सारखे विचारतात ते खाली घेतलेत. उत्तरं काही लांबलीत, काही एका दमात संपलीत, कारण सगळ्यांची गोष्ट सारखी मोठी नाही.

स्वीडन तर केवढा श्रीमंत देश, तिथून लोक बाहेर कशाला जातील?

आत्ता श्रीमंत आहे हो. १९व्या शतकात नव्हता. १८५० च्या सुमारास लोकसंख्या साधारण ३५ लाख, बहुतेक जण शेतीवर, आणि भावाभावांत वाटण्या होऊन होऊन जमिनीचे तुकडे इतके बारीक झालेले की एका घराचं पोट भरायचे वांधे. बाकीचे मजूर, दुसऱ्याच्या शेतावर राबणारे. त्यात १८६७ ते १८६९ लागोपाठ वाईट वर्षं आली, आधी एका साली थंडी हटेचना, पेरणीच झाली नाही धड, आणि पुढच्या साली कोरडा दुष्काळ. लोक उपाशी मेले. आणि नेमकं त्याच दशकात अमेरिकेत होमस्टेड कायदा झालेला, १८६२ चा, म्हणजे १६० एकर जमीन घ्या, नाममात्र फी भरा, पाच वर्षं कसून दाखवा, जमीन तुमची. गावातल्या एकाचं जरी पत्र आलं की इकडे गुडघाभर दगडात नांगर मारतोय आणि तिकडे काळी माती पडलीये, तर कोण थांबणार? शिवाय सक्तीची लष्करी भरती होती, चर्चचा जाच होता, मतदानाचा हक्क पैसेवाल्यांना होता. १८५० ते १९३० पर्यंत साधारण १३ लाख माणसं गेली. साधारण पाचातला एक परत आला, हे मात्र कोणी सांगत नाही.

जायचे कसे?

गोथेनबर्ग बंदरातून बोटीने इंग्लंडमधलं हल, तिथून ट्रेनने देश ओलांडून लिव्हरपूल, आणि लिव्हरपूलहून मोठ्या बोटीने न्यूयॉर्क. पुढे रेल्वेने शिकागो, मिनेसोटा. १९०० च्या सुमारास शिकागोत इतके स्वीडिश होते की स्टॉकहोम सोडलं तर जगात एवढे कुठल्याच शहरात नव्हते, गोथेनबर्गमध्येसुद्धा नाही.

पहिले स्वीडिश तेव्हाच गेले का अमेरिकेत?

नाही, खूप आधी. १६३८ मध्ये डेलावेअर नदीकाठी स्वीडनची वसाहतच होती, न्यू स्वीडन नावाची, आजच्या विल्मिंग्टन शहराच्या जागी किल्ला बांधलेला. १७ वर्षांत डचांनी घेतली. त्या वसाहतीतल्या स्वीडिश आणि फिनिश लोकांनी आख्खे ओंडके एकमेकांत अडकवून घर बांधायची पद्धत तिकडे नेली, आणि पुढे तेच लाकडी घर अमेरिकन लोकांनी आपली ओळख म्हणून मिरवलं.

पँटची चेन खरंच स्वीडिश माणसाने शोधली का?

अर्धं खरं. पहिली कल्पना व्हिटकॉम्ब जडसन या अमेरिकन माणसाची, १८९३ चं पेटंट. पण त्याची चेन म्हणजे हुक आणि ते अडकवायच्या कड्यांची माळ होती, आणि ती कधीही उघडायची. भर बाजारात स्कर्ट उघडला तर कोण घेईल परत? कंपनी बुडायला आलेली.

मग आला गिडियन सुंडबॅक. १८८० चा जन्म, स्वीडनच्या योनशोपिंग भागातला, शेतकऱ्याच्या घरातला. इंजिनिअरिंग जर्मनीत शिकला, १९०५ मध्ये अमेरिकेत गेला, आधी पिट्सबर्गला वेस्टिंगहाउसमध्ये कामाला होता, आणि मग जडसनच्या चेनवाल्या कंपनीने त्याला उचललं. तिथल्या मॅनेजरच्या मुलीशी, एल्विराशी, त्याचं लग्न झालं. १९११ मध्ये ती गेली. त्यानंतर त्याने स्वतःला कामात गाडून घेतलं आणि डिसेंबर १९१३ मध्ये जी चेन बनवली ती म्हणजे आज तुमच्या जॅकेटला आहे तीच.

आता जरा बॅगेची चेन जवळ घेऊन बघा. हुक नाहीत, कड्या नाहीत. दोन्ही बाजूचे दात एकसारखेच. प्रत्येक दाताला वरच्या अंगाला छोटासा उंचवटा आणि खालच्या अंगाला तेवढाच खळगा. रनर वर सरकवला की तो दोन्ही पट्ट्या बरोबर त्या कोनात वाकवतो की एका बाजूच्या दाताचा उंचवटा समोरच्या दाताच्या खळग्यात जाऊन बसतो, आणि रनर पुढे गेला की पट्टी सरळ होते आणि दातांना निघायला जागाच उरत नाही. म्हणून चेन मधूनच ओढली तर उघडत नाही पण रनर खाली आणला की सहज उघडते. आधीच्या चेनमध्ये इंचाला चार दात असायचे, याने दहा केले. एक दात निसटला तरी बाकीचे धरून ठेवतात. पेटंट १९१७ ला मिळालं.

आणि खरी कमाल पुढे आहे. असे हजारो दात बनवून कापडी पट्टीवर दाबून बसवायचे कसे? हाताने शक्यच नाही. त्याने मशीनही स्वतःच डिझाइन केलं, तार आत जाते, कापली जाते, खळगा ठोकला जातो, पट्टीवर दाबली जाते, आणि भंगार जवळपास शून्य. माझ्या मते मोठा शोध चेन नाही, ते मशीन आहे. मशीन नसतं तर चेन दागिन्याच्या भावात विकावी लागली असती. सुरुवातीला गिऱ्हाईक कोण, तर पैसे ठेवायच्या पट्ट्याला चेन हवी म्हणणारे खलाशी आणि पहिल्या महायुद्धातलं सैन्य. कपड्यांत यायला बराच वेळ लागला, टेलर लोक तयारच नव्हते. १९२३ मध्ये गुडरिच या रबर कंपनीने पावसाळी बुटांना लावली आणि तिथून झिपर हे नाव पडलं. पेनसिल्व्हेनियातलं मीडव्हिल हे छोटं गाव या एका वस्तूवर कित्येक वर्षं जगलं.

जॉन एरिक्सन म्हणजे तो टेलिफोनवाला एरिक्सन ना?

नाही. हा गोंधळ कायमचा आहे. टेलिफोनवाला लार्स मॅग्नस एरिक्सन, त्याने १८७६ मध्ये स्टॉकहोमला टेलिग्राफ यंत्रं दुरुस्त करायचं वर्कशॉप टाकलं आणि तो स्वीडनमध्येच राहिला. जॉन एरिक्सन त्याच्यापेक्षा चाळीसेक वर्षांनी मोठा, जहाजं आणि इंजिनांवाला. नातं काही नाही, दोघंही व्हर्मलांड या एकाच प्रांतातले एवढंच. तिकडे बापाच्या नावाला सन लावून आडनाव व्हायचं, त्यामुळे एरिक्सन, योहान्सन, अँडरसन यांचा नुसता पूर आहे. पुढे दोन योहान्सन पण येणार आहेत, सांभाळून.

मग जॉन एरिक्सनने केलं काय एवढं?

याच्यावर मी जरा जास्त लिहिणार, कारण माणूसच तसा आहे, डोकं अफाट आणि स्वभाव भयंकर तिरसट.

जन्म १८०३. वडील खाणीच्या कामातले. पोरवयातच भावासोबत योटा कालव्याच्या कामावर नकाशे काढायला लागला. १८२६ मध्ये इंग्लंडला गेला आणि नंतर जिवंतपणी स्वीडनला परत राहायला कधी आलाच नाही. १८२९ मध्ये रेनहिलला रेल्वे इंजिनांची ती प्रसिद्ध स्पर्धा झाली, स्टीफन्सनच्या रॉकेटने जिंकलेली, त्यात याचं आणि याचा भागीदार ब्रेथवेटचं नॉव्हेल्टी नावाचं इंजिन होतं. हलकं, देखणं, ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास पळालं, पब्लिक खूश, आणि मग बिघडलं. परत दुरुस्त केलं, परत बिघडलं. रॉकेट जिंकलं कारण ते चालत राहिलं.

पुढे त्याने जहाजाच्या प्रॉपेलरवर काम केलं. तोवर वाफेच्या बोटींना बाजूला मोठी चाकं असायची आणि युद्धात तोफेचा एक गोळा चाकाला लागला की जहाज तिथेच बसलं. १८३७ मध्ये याने छोट्या प्रॉपेलरवाल्या बोटीने ब्रिटिश नौदलाच्या साहेबांची आख्खी बोट थेम्स नदीत ओढून दाखवली. साहेब म्हणाले, मागून ढकललेलं जहाज वळवता कसं येईल, नको. मग अमेरिकन नौदलाच्या कॅप्टन स्टॉकटनने त्याला अमेरिकेत बोलावलं आणि १८३९ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला.

तिथे प्रिन्स्टन नावाची प्रॉपेलरवाली युद्धनौका झाली, छान चालली. पण स्टॉकटनने तिच्यावर स्वतःच्या डिझाइनची एक मोठी तोफ बसवली होती, आणि २८ फेब्रुवारी १८४४ ला मान्यवर पाहुण्यांना सलामी दाखवताना ती फुटली. परराष्ट्रमंत्री आणि नौदलमंत्री दोघं जागीच ठार. राष्ट्राध्यक्ष टायलर खालच्या मजल्यावर होता म्हणून वाचला. तोफ स्टॉकटनची, पण खापर फुटलं एरिक्सनवर. नौदलाने त्याच्या जहाजाच्या कामाचे पैसेही दिले नाहीत. हा माणूस पुढे १७ वर्षं नौदलाच्या नावाने बोटं मोडत बसला, आणि बरोबरच होतं त्याचं.

मॉनिटर हे एरिक्सनचं जहाज अमेरिकेच्या यादवी युद्धातलं ना? त्यात खास काय होतं?

हो. १८६१ मध्ये बातमी आली की दक्षिणेकडचे लोक एका जुन्या जहाजावर लोखंडी पत्रे चढवून अभेद्य युद्धनौका बनवतायत. उत्तरेकडे हातात काही नव्हतं. बुशनेल नावाचा एक उद्योजक एरिक्सनच्या घरी सल्ला घ्यायला गेला तर याने धूळ खात पडलेलं मॉडेल काढून दाखवलं. वॉशिंग्टनला जायला तयार नव्हता, जुना राग, पण शेवटी गेला.

ब्रुकलिनमध्ये काम सुरू झालं आणि साधारण १०० दिवसांत जहाज पाण्यात, ३० जानेवारी १८६२. जहाज कसलं, पाण्याच्या पातळीला टेकलेला सपाट लोखंडी डेक आणि त्यावर मधोमध एक गोल बुरूज. बुरुजाची भिंत एकेक इंचाच्या पत्र्यांचे आठ थर, आत दोन तोफा, आणि तो आख्खा बुरूज वाफेच्या इंजिनावर गरगर फिरायचा. म्हणजे तोफ रोखायला जहाज वळवायची गरजच संपली. ही गोष्ट आता एवढी साधी वाटते पण त्याआधी जहाजाच्या दोन्ही कुशीत तोफांच्या रांगा लावायचे आणि शत्रूला कूस दाखवून गोळीबार करायचे.

८ मार्चला दक्षिणेच्या व्हर्जिनिया या लोखंडी नौकेने हॅम्प्टन रोड्समध्ये दोन लाकडी युद्धनौका संपवल्या, दोनशेच्या वर माणसं मेली. त्याच रात्री मॉनिटर पोचली. ९ मार्चला सकाळी दोघी जवळजवळ चार तास एकमेकींवर गोळे टाकत राहिल्या आणि कोणीच कोणाला बुडवू शकलं नाही. निकाल बरोबरीत, पण जगातल्या सगळ्या नौदलांना कळून चुकलं की लाकडी जहाजांचे दिवस भरले. ज्या ब्रिटिश नौदलाने त्याचा प्रॉपेलर नाकारला होता त्यांनाही कळलं.

मॉनिटर स्वतः मात्र वर्ष संपायच्या आत, ३१ डिसेंबर १८६२ ला, वादळात केप हॅटरासजवळ बुडाली, १६ जण गेले. वादळी समुद्रासाठी ती बनलेलीच नव्हती.

प्रॉपेलरचा शोध एरिक्सनचाच का?

एकट्याचा नाही. एरिक्सनचं पेटंट १८३६ चं, पण इंग्लंडच्या फ्रान्सिस पेटिट स्मिथने त्याच वर्षी, त्याच्या थोडं आधी पेटंट घेतलं, आणि दोघांच्याही आधी बऱ्याच जणांनी प्रयोग केले होते. एरिक्सनचं श्रेय म्हणजे त्याने अमेरिकन नौदलाला प्रॉपेलरवर आणलं.

म्हणजे या लोकांनी नवीन असं काही शोधलंच नाही?

असं म्हटलं तर स्वीडिश माणूस चिडेल, पण प्रश्न चुकीचा नाही. हे शोधक एकापाठोपाठ एक बघत गेलात की एक गोष्ट लक्षात येते: दुसऱ्याने काढलेली, पण नीट न चालणारी वस्तू घ्यायची आणि ती चालेपर्यंत सोडायची नाही. चेन जडसनची, चालवली सुंडबॅकने. नायट्रोग्लिसरीन हा स्फोटक द्रव इटालियन सोब्रेरोचा, हाताळण्याजोगा केला नोबेलने. बेसेमरने स्टील बनवायची नवी पद्धत काढली इंग्लंडमध्ये, परवाने विकले, आणि ज्यांनी घेतले त्यांना स्टीलच येईना, तर १८५८ मध्ये ते धड काढून दाखवलं योरान्सन नावाच्या स्वीडिश व्यापाऱ्याने, आणि त्याच्याच कारखान्यातून पुढे सँडविक कंपनी झाली. काडेपेटीचंही तेच, सेफ्टी माचिसची कल्पना पाशची, १८४४ ची, पण तिचा धंदा करून दाखवला योनशोपिंगच्या लुंडस्ट्रोम भावांनी. मला विचाराल तर कल्पना सुचण्यापेक्षा हे काम अवघड आहे आणि त्याला टाळ्या कमी मिळतात.

अल्फ्रेड नोबेलला स्थलांतरित म्हणायचं का?

नक्कीच, आणि आयुष्यभर. जन्म स्टॉकहोमचा, १८३३. वडिलांचं दिवाळं निघालं म्हणून ते रशियाला गेले आणि १८४२ मध्ये बायकामुलांना सेंट पीटर्सबर्गला बोलावलं. अल्फ्रेड तिथेच वाढला, शाळा घरीच, रशियन, फ्रेंच, इंग्रजी, जर्मन सगळं यायचं. क्रिमियन युद्धात वडिलांचा कारखाना जोरात, युद्ध संपलं की परत दिवाळं. स्वीडनला परतल्यावर नायट्रोग्लिसरीनचे प्रयोग, आणि ३ सप्टेंबर १८६४ ला कारखाना उडाला, त्यात धाकटा भाऊ एमिल गेला. तरी थांबला नाही. हॅम्बुर्गजवळ क्रुमेलला कारखाना टाकला आणि तिथे एका सच्छिद्र मातीत नायट्रोग्लिसरीन जिरवून त्याची कांडी बनवली, साधारण तीन भाग नायट्रोग्लिसरीन आणि एक भाग माती. १८६७ चं पेटंट, डायनामाइट. पुढे बोगदे, कालवे, खाणी, सगळीकडे. मग पॅरिसमध्ये बरीच वर्षं, शेवटी इटलीतलं सॅन रेमो, तिथेच १० डिसेंबर १८९६ ला गेला. लग्न नाही, मूल नाही, ३५५ पेटंटं.

जिवंतपणी स्वतःच्या मृत्यूची बातमी वाचून त्याने नोबेल पारितोषिक सुरू केलं, हे खरंय का?

व्हॉट्सॲपवर दर ऑक्टोबरला फिरणारी गोष्ट. म्हणे भाऊ गेला तेव्हा पेपरने चुकून अल्फ्रेडचीच बातमी छापली. १८८८ मध्ये त्याचा भाऊ लुडविग फ्रान्समध्ये वारला एवढं नक्की. पण २७ नोव्हेंबर १८९५ च्या मृत्युपत्रात अल्फ्रेडने कारण वगैरे काही लिहिलेलंच नाही, नुसतं पैशाचं काय करायचं ते लिहिलंय. गोष्ट कोणालाही आवडावी अशी आहे म्हणून पसरली. मृत्युपत्र उघडल्यावर नातेवाईक भडकले, स्वीडनच्या राजालाही आवडलं नाही की बक्षीस परदेशी लोकांना का द्यायचं, आणि पहिलं पारितोषिक द्यायला १९०१ उजाडलं.

नोबेलच्या भावांबद्दल कोणी बोलत नाही, ते काय करायचे?

तेल! रॉबर्ट आणि लुडविग रशियात राहिले. रॉबर्ट बंदुकीच्या दस्त्यांसाठी अक्रोडाचं लाकूड शोधायला कॉकेशसमध्ये गेला आणि कॅस्पियन समुद्राकाठच्या बाकूत पोचून लाकडाच्या पैशात तेलाची रिफायनरी घेऊन बसला. हे मला सगळ्यात आवडतं. लुडविगने पिंपं आणि गाढवगाड्या बंद करून पाइपलाइन टाकली आणि १८७८ मध्ये स्वीडनच्या मोटाला कंपनीकडून झोरोआस्टर नावाचं तेलवाहू जहाज बांधून घेतलं, कॅस्पियन समुद्रासाठी. आजच्या ऑइल टँकरचा पूर्वज तोच. १८७९ मध्ये भावांची कंपनी झाली आणि १९२० मध्ये बोल्शेविक बाकूत आले, सगळं गेलं. नोबेल घराण्यातले काही जण वेष पालटून पळाले.

स्लिप गेज आणि स्वीडनचा काय संबंध?

आयटीआय किंवा डिप्लोमावाले हा प्रश्न हमखास विचारतात. हा पहिला योहान्सन, कार्ल एडवर्ड, १८६४ चा. १८ वर्षांचा असताना अमेरिकेत गेला, मिनेसोटात राहिला, तिथे शिकलाही, आणि परत आला. पुढे एस्किल्स्टुनाच्या सरकारी रायफल कारखान्यात लागला. तिथे प्रत्येक मापासाठी वेगळं गेज असायचं, शेकड्यांनी. १८९६ मध्ये जर्मनीहून परत येताना ट्रेनमध्ये त्याने डोक्यात हिशेब मांडला की ठरावीक जाडीच्या थोड्या ठोकळ्यांची बेरीज करून पाहिजे ते माप का उभं करू नये? १०२ ठोकळ्यांचा संच, त्यातून २०,००० मापं.

हिशेब सोपा, ठोकळे बनवणं अवघड. घरी बायकोचं शिवणाचं मशीन होतं, त्याचंच त्याने घासाईचं मशीन केलं आणि कामावरून आल्यावर एकेक ठोकळा हाताने घासून मापात आणायचा. पृष्ठभाग इतका सपाट की दोन ठोकळे एकमेकांवर दाबून फिरवले की चिकटतात, गोंद नाही, चुंबक नाही, आणि ओढून निघत नाहीत, बाजूलाच सरकवावे लागतात. ज्यांनी टूलरूममध्ये हे चिकटवणं, म्हणजे रिंगिंग, केलंय त्यांना माहितीये, पहिल्यांदा चिकटले की माणूस दोन मिनिटं तेच करत बसतो.

१९२३ मध्ये हेन्री फोर्डने त्याची अमेरिकेतली कंपनीच विकत घेतली आणि योहान्सन साठीच्या उंबरठ्यावर परत अमेरिकेत, डिअरबॉर्नला, १९३६ पर्यंत. इकडच्या कारखान्यातला बोल्ट तिकडच्या गाडीत बसतो त्याच्या मुळाशी हे ठोकळे आहेत. आणि एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, हे त्याने ठोकळ्यांसाठी सोयीचं म्हणून धरलं होतं, सरकारांनी पुढे तेच मान्य केलं, १९५९ पासून जगभर तेच चालतं.

आणि दुसरा योहान्सन?

योहान पेटर. पाइप पाना १८८८, आणि स्क्रू फिरवून जबडा लहानमोठा करायचा ऍडजस्टेबल पाना १८९२ च्या आसपास. तो एन्शोपिंगलाच राहिला, पाने जगभर गेले. प्लंबर कुठलाही असो, पिशवीत हे दोन असतातच.

रेडिओचं श्रेय मार्कोनीला, मग अलेक्झांडरसन कोण?

अर्न्स्ट अलेक्झांडरसन, उप्सालाचा, १८७८ चा. अमेरिकेतल्या स्टाइनमेट्झचं विजेवरचं पुस्तक वाचलं आणि थेट त्याच्याकडे कामाला जायचं ठरवलं, १९०१ मध्ये गेला, जनरल इलेक्ट्रिकमध्ये लागला. मार्कोनीच्या पद्धतीत ठिणगी पाडून सिग्नल जायचा, त्यावर डॅश डॉट ठीक, माणसाचा आवाज नाही. आवाजासाठी सलग लहर पाहिजे. फेसेंडेन नावाच्या संशोधकाने जनरल इलेक्ट्रिककडे तसं यंत्र मागितलं आणि ते काम या तरुण पोराच्या गळ्यात पडलं. त्याने प्रचंड वेगाने फिरणारा जनरेटर बनवला जो थेट रेडिओ लहरच तयार करायचा. पहिल्या महायुद्धानंतर हे यंत्र मार्कोनी कंपनीला विकायचं चाललं होतं, अमेरिकन नौदलाने मोडता घातला, आणि त्या भानगडीतून १९१९ मध्ये आरसीए ही अमेरिकन रेडिओ कंपनी जन्माला आली.

एक किस्सा सांगतोच. १९२३ मध्ये त्याच्या सहा वर्षांच्या मुलाला पळवून नेलं. रेडिओ स्टेशनवरून मुलाचं वर्णन सांगितलं गेलं, ते ऐकून एका माणसाने ओळखलं आणि पोरगा सापडला. बापाने ज्या गोष्टीसाठी आयुष्य घातलं तीच कामी आली.

शोधक सोडून बाकीच्या स्थलांतरितांचं काय?

ते तर जास्त आहेत, थोडक्यात घेतो. कार्ल एरिक विकमन, मिनेसोटाच्या खाणीतून काम सुटलं, गाड्या विकायला घेतल्या, एकही खपेना, मग १९१४ मध्ये तीच गाडी खाण कामगारांना १५ सेंटमध्ये ने आण करायला लावली. आपल्याकडची वडाप म्हणा ना. त्यातूनच ग्रेहाउंड बस कंपनी. जॉन नॉर्डस्ट्रॉम १६ वर्षांचा असताना खिशात पाच डॉलर घेऊन उतरला, कॅनडातल्या क्लॉन्डाइकच्या सोन्यात १३,००० डॉलर कमावले आणि १९०१ मध्ये सिएटलला बुटांचं दुकान टाकलं, आज ती मोठी दुकानांची साखळी आहे. जो हिल, खरं नाव योएल हेग्लुंड, कामगार चळवळीत गाणी लिहायचा, खुनाच्या आरोपात १९१५ मध्ये युटात गोळ्या घालून मारलं, राष्ट्राध्यक्ष विल्सनने मध्ये पडूनही. खटला नीट चालला का यावर आजही भांडणं होतात.

आणि लिंडबर्ग, तो अटलांटिक एकट्याने ओलांडणारा वैमानिक. त्याचे आजोबा स्वीडनच्या संसदेत खासदार होते, बँकेच्या पैशात अफरातफर केल्याचा आरोप झाला म्हणून १८५९ मध्ये नाव बदलून अमेरिकेत पळाले. सगळेच काही दुष्काळाने गेले नाहीत.

बाहेर न जाता बाहेर गाजलेले कोण?

बरेच. गुस्ताफ द लावालने १८७८ मध्ये दुधातून मलई वेगळी काढायचं फिरतं मशीन काढलं, डेअऱ्यांचं रूपच बदललं, आणि टर्बाइनसाठी त्याने जो मधे आवळलेला नॉझल बनवला तोच आकार आज रॉकेटच्या इंजिनात असतो. स्वेन विंगक्विस्ट गोथेनबर्गच्या कापड गिरणीत मेंटेनन्स बघायचा, खालची चिकणमाती खचायची, शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेरिंगं जायची, म्हणून १९०७ मध्ये त्याने शाफ्टसोबत स्वतःच थोडं कलणारं बेरिंग बनवलं आणि एसकेएफ सुरू झाली. आणि नील्स बोलिन, विमानाच्या इजेक्शन सीटवर काम करून व्हॉल्वोत आलेला, १९५९ मध्ये गाडीचा तीन टोकांचा सीटबेल्ट. कंपनीने पेटंट सगळ्यांना वापरायला मोकळं ठेवलं. यामुळे किती जीव वाचले आणि तरी आपण पोलीस दिसला की बेल्ट ओढतो.

महाराष्ट्राशी काही संबंध आहे का, की उगाच?

आहे, आणि चांगला घट्ट. विम्को म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, १९२३ मध्ये स्वीडिश मॅचने काढलेली, अंबरनाथला कारखाना. घरात शिप किंवा होमलाइटची काडेपेटी असायची ती हीच. त्यामागे ईवार क्रूगर हा जगाचा काडेपेटी सम्राट, देशांच्या सरकारांना कर्ज द्यायचा आणि बदल्यात काडेपेटीची मक्तेदारी घ्यायचा. १९३२ मध्ये पॅरिसला गोळी लागून मेला आणि हिशेबाची वही उघडल्यावर सगळा फुगा निघाला.

पुण्यात तर दापोडीला जुन्या मुंबई पुणे रस्त्यावर अल्फा लावाल, सँडविक आणि ॲटलास कॉप्को, आणि चिंचवडला एसकेएफ. म्हणजे द लावाल, योरान्सन आणि विंगक्विस्ट तिघंही पिंपरी चिंचवडच्या शिफ्टमध्ये आलेच की.

हे सगळं प्रत्यक्ष बघायचं असेल तर कुठे?

मॉनिटरचा फिरता बुरूज २००२ मध्ये समुद्रातून वर काढला, तो व्हर्जिनियात न्यूपोर्ट न्यूजच्या मरिनर्स म्युझियममध्ये आहे. जॉन एरिक्सन १८८९ मध्ये न्यूयॉर्कला वारला, आणि पुढच्या वर्षी त्याचं शव अमेरिकन नौदलाच्याच युद्धनौकेतून स्वीडनला पाठवलं, ज्यांनी त्याचे पैसे बुडवले होते त्यांनीच, फिलिपस्टाडला समाधी आहे. शिकागोत अँडरसनव्हिल भागात स्वीडिश अमेरिकन म्युझियम, मिनियापोलिसला अमेरिकन स्वीडिश इन्स्टिट्यूट. पूर्वजांच्या नोंदी शोधणाऱ्यांची गर्दी स्वीडनमधल्या व्हेक्शोला असते.

एकच निवडायचं तर मी ग्रिमेटन म्हणेन, वारबेर्गजवळ. अलेक्झांडरसनचं यंत्र असलेलं, अजून चालू स्थितीतलं जगातलं एकमेव रेडिओ स्टेशन, १२७ मीटरचे सहा मनोरे, २००४ पासून जागतिक वारसा. नाताळच्या आदल्या दिवशी आणि जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला यंत्र फिरवून १७.२ किलोहर्ट्झवर मोर्समध्ये संदेश सोडतात आणि हौशी रेडिओवाले देशोदेशी कान लावून बसतात. जायचं असेल तर उन्हाळ्यातली ती तारीख आधी बघून घ्या, एरवी यंत्र बहुतेक बंदच असतं.